चित्ता की बिबट्या? मुलांना बघायला शिकवा

सुट्टी लागली की तुम्ही मुलांना प्राणी दाखवायला नेता. नाशिकला मोठं प्राणिसंग्रहालय नाही. मग कुणी मुंबईला राणीच्या बागेत जातं, कुणी पुण्याला कात्रजला, कुणी छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानात. गाडीचं भाडं, तिकिटं, डबे, पाण्याच्या बाटल्या. दिवस जातो आणि खिसाही हलका होतो.

घरी आल्यावर शेजारच्या काकू विचारतात, "काय काय बघितलंस रे?" पोरगं सांगतं, "वाघ, हरीण, माकड." एवढं तर त्याला अंकलिपीतूनही माहीत होतं.

इतका खर्च करून जाताच आहात, तर मुलांना नीट बघायला शिकवा. एकसारखे दिसणारे दोन प्राणी वेगळे कसे ओळखायचे, एवढंच. त्याला पुस्तकी ज्ञान लागत नाही. डोळे लागतात आणि थोडा धीर लागतो.

आपल्या जिल्ह्यात तर याची गरज जास्तच आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी आणि दारणाकाठच्या गावांत बिबट्या आता उसातला रहिवासी झाला आहे. शहरातही तो येतो. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडको आणि गोविंदनगर भागात आला. त्यामुळे ठिपकेवाल्या प्राण्याचा कसलाही फोटो मोबाइलवर आला की आपल्याकडे घबराट उडते. तो फोटो कशाचा आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला सांगता आलं, तर अख्ख्या गल्लीची झोप वाचते.

आधी निघण्याची तयारी. राणीची बाग आणि कात्रज, दोन्ही बुधवारी बंद असतात. तरीही जाण्याआधी एकदा चौकशी करून घ्या. सकाळी लवकर पोहोचा. उन्हं चढली की बरेचसे प्राणी सावलीला जाऊन पडतात आणि मुलांना नुसती पाठ दिसते.

सगळंच बघायचा हट्ट धरू नका. तीन-चार जोड्या घरूनच ठरवून जा. बिबट्या आणि वाघ. चितळ आणि काळवीट. मगर आणि सुसर. बाकीचे प्राणी जाता जाता दिसतीलच.

पिंजऱ्यासमोर पोहोचलात की फलक लगेच वाचू नका. आधी मुलाला विचारा, "तुला काय वाटतं, हे कोण?" उत्तर चुकलं तर हसू नका. "कशावरून?" एवढंच विचारा. मूल परत प्राण्याकडे बघतं. शेपटी बघतं, कान बघतं. नाव फलकावर लिहिलेलं असतंच. कशावरून, ते मात्र त्याला स्वतःलाच शोधावं लागतं.

आणि एक. आरडाओरडा करून, खडे मारून प्राण्याला उठवू नका. तो कायद्यानेही गुन्हा आहे. मुलं तुमचंच बघून शिकतात.

आता ठिपकेवाल्यांकडे येऊ. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबा.

बिबट्याच्या अंगावर सुटे ठिपके नसतात. चार-पाच काळे डाग गोलाकार जमलेले असतात आणि मधली जागा पिवळसर असते. चित्त्याच्या अंगावर भरीव, सुटे, गोल ठिपके असतात. जणू कुणी बोट काळ्या शाईत बुडवून एकेक ठसा उठवला आहे.

ठिपके नीट दिसत नसतील तर तोंड बघायला सांगा. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक काळी रेघ उतरते. बिबट्याला ती नसते. ही एक खूण मुलांच्या पक्की लक्षात राहते. बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

बांधाही वेगळा. चित्ता उंच, सडपातळ, लांब पायांचा. डोकं लहान. त्याचं सगळं शरीर पळण्यासाठी. बिबट्या ठेंगणा, भरीव, मानेने आणि खांद्याने दणकट. तो शिकार तोंडात धरून झाडावर चढतो.

मुलांना हेही सांगा की भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. तेव्हा बातम्यांमध्ये चित्ता इतका दिसला, की मुलांच्या तोंडी तेच नाव बसलं. नाशिकच्या उसात दिसतो तो चित्ता नव्हे. तो बिबट्याच.

तिसरा भाऊबंद जॅग्वार. तो अमेरिका खंडातला. त्याच्याही अंगावर गोल डाग असतात, पण त्या गोलांच्या आत पुन्हा बारीक ठिपके असतात. प्रत्यक्षात तो तुम्हाला क्वचितच दिसेल. मोबाइलवर मात्र हमखास दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं, "आपल्या गावात बिबट्या, सावध राहा."

काळा बिबट्या वेगळ्या जातीचा नसतो. तो बिबट्याच, फक्त रंगाने काळा. उजेड तिरका पडला की त्याच्या अंगावरचे डाग दिसतात. पांढऱ्या वाघाचंही तसंच. तोही वाघच. मुलांनी विचारलं तर एवढं सांगितलं तरी पुरे.

वाघ आणि बिबट्या हे खरं तर कुणालाही कळायला हवं. वाघाला पट्टे, बिबट्याला डाग. पण खेड्यात अजूनही बिबट्याला सरसकट वाघ म्हणतात. "वाघ आला" असं ऐकलं की शहरातल्या मुलाच्या डोळ्यांपुढे पट्टेरी वाघ उभा राहतो आणि भीती दुप्पट होते. आपल्या जिल्ह्यात पट्टेरी वाघाची वस्ती नाही. हे मुलाला शांतपणे सांगा. त्याचबरोबर हेही सांगा की बिबट्या वाघापेक्षा लहान असला तरी तो खेळण्यातला नाही.

हरणांपाशी आलात की शिंगं बघायला लावा.

चितळ आणि सांबर यांच्या शिंगांना फांद्या फुटलेल्या असतात. ती फक्त नराला असतात. दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट आणि चिंकारा यांच्या शिंगांना फांद्या नसतात. ती गळतही नाहीत. पहिल्या घराण्याला सारंग म्हणतात, दुसऱ्याला कुरंग. नावं लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. फांद्या आहेत की नाहीत, ते बघितलं की अर्धं काम झालं.

चितळाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि मोठेपणीही राहतात. सांबर थोराड, गडद तपकिरी, ठिपक्यांविना. काळवीट नर पाठीवर काळा, पोटाखाली पांढरा आणि त्याची शिंगं पिळाची. मादी मात्र तपकिरी आणि बिनशिंगांची. मुलं हमखास तिला वेगळाच प्राणी समजतात. चिंकारा लहान आणि तांबूस. त्याच्या शिंगांना पीळ नसतो, आडवी वलयं असतात.

काळवीट बघायला पिंजऱ्याचीही गरज नाही. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे. सकाळी लवकर गेलात तर कळप चरताना दिसतात. गाडी सावकाश चालवा. हॉर्न वाजवू नका. उन्हाळ्यात हे प्राणी पाण्यासाठी भटकतात, रस्ता ओलांडतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. तुमची तिकडे शेती असेल तर विहिरीला कठडा बांधा. गुरं आणि पोरंही त्याच विहिरीपासून वाचतील.

मगर आणि सुसर यांच्यासाठी फार वेळ नको. तोंड बघा. मगरीचं रुंद, सुसरीचं लांब आणि निमुळतं. सुसरीच्या मोठ्या नराच्या नाकपुडीवर गाठ असते. शहामृग आणि इमू यांचे पाय बघा. शहामृगाला दोन बोटं, इमूला तीन. मध्यंतरी इमूपालनाची लाट आली होती, तेव्हा आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी इमू जवळून बघितला. त्यात कुणाचं किती भलं झालं, ते न विचारलेलंच बरं.

वानर आणि माकड तर आपण रोज बघतो. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं आणि लांब शेपटीचं ते वानर. लालसर तोंडाचं ते माकड. ब्रह्मगिरी चढताना, सप्तशृंगीच्या गडावर ही मंडळी भेटतात. तिथे मुलांच्या हातात उघडा खाऊ देऊ नका. तुम्हीही चणे-फुटाणे टाकू नका. खाऊची सवय लागलेलं माकड पुढच्या भाविकाच्या हातातली पिशवी ओढतं आणि त्यात एखाद्या लेकराला ओरखडे येतात. ओरखडा आला तर जखम साबणाने भरपूर धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

प्राणिसंग्रहालयाचा खर्च या वर्षी जमत नसेल तर मन खट्टू करू नका. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर आपल्या उंबऱ्यावर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्याच्या पाण्यात गाळ साठला, बेटं झाली आणि पक्षी आले. २०२० मध्ये या जागेला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा जाहीर झाला. राज्यातली ती पहिली. हिवाळ्यात पहाटे जा. दुर्बीण असेल तर न्या.

तिथे मुलांना बगळे वेगळे करायला द्या. काळ्या चोचीचा आणि पिवळ्या बोटांचा तो छोटा बगळा. पिवळ्या चोचीचा, गुरांच्या मागे आणि नांगरटीत फिरणारा तो गाय बगळा. हा धडा परतीच्या वाटेवर कुठल्याही शेतात पुन्हा गिरवता येतो. फुकटात.

आता घराजवळच्या प्राण्यांविषयी. इथे माझं सांगणं थोडं बदलतं, ते लक्ष देऊन वाचा.

पिंजऱ्यासमोर मुलाने जितकं जवळून बघावं तितकं चांगलं. बांधावर, ओढ्यात, उसाच्या कडेला मात्र ओळखत बसायचं नाही. आधी मागे यायचं. घरात आल्यावर आठवायचं, काय दिसलं. हा फरक मुलाच्या मनात पक्का बसला पाहिजे. नाहीतर हुशार मूलच खूण बघायला पुढे जाईल.

ऊसतोडीच्या दिवसांत हे जास्त सांभाळा. तोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. कधी ती बिबट्याची असतात. कधी रानमांजराची. कधी वाघाटीची. वाघाटी ही पूर्ण वाढली तरी घरातल्या मांजरीपेक्षा लहान असते. तिच्याही अंगावर डाग असतात, म्हणून तिची पिल्लं बिबट्याची समजून गाव गोळा होतं. आणि बिबट्याची पिल्लं मांजराची समजून कुणी घरी नेतं. दोन्ही चुका महागात पडतात.

रानमांजराच्या मोठ्या पिल्लाचं अंग बरंचसं एकरंगी भुरं असतं. पाय लांब, शेपटी आखूड आणि टोकाकडे काळी कडी. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असतात. शेपटी लांब, जाड आणि डागांची. हे तुम्हाला सांगितलं ते मनाची तयारी म्हणून. पिल्लं अगदी लहान असली तर जाणतेही फसतात. तेव्हा पिल्लू कुणाचंही असो, करायचं एकच.

हात लावू नका. फोटोसाठी उचलू नका. त्या बाजूची तोड थांबवा. पोरांना आणि बैलांना लांब न्या. वनविभागाला फोन करा. आई बहुधा जवळच असते. वनविभागाची माणसं पिल्लं त्याच जागी नीट ठेवतात, कॅमेरा लावतात आणि अंधार पडल्यावर आई येऊन त्यांना उचलून नेते. पिल्लं घरी नेलीत तर आई रात्रभर वस्तीभोवती फिरेल. ते कुणाच्याच हिताचं नाही.

बिबट्या म्हणून दुसरा एक प्राणी नाहक मार खातो. तरस. त्याचे पुढचे पाय उंच, मागचे आखूड, पाठ मागे उतरती. मानेवर आयाळ, अंगावर पट्टे. रात्री गाडीच्या उजेडात तो वाघच वाटतो. तरस बहुतेक करून मेलेल्या जनावरांवर जगतो. तो दिसला तर दिवे मंद करा आणि जाऊ द्या.

कोल्हा आणि खोकड यांतही लोक चुकतात. खोकड मांजरापेक्षा थोडंच मोठं. कान मोठे, शेपटी झुबकेदार आणि टोकाला काळी. कोल्हा त्याहून मोठा, अंगाने भरलेला. लांडगा दोघांहून उंच आणि लांब पायांचा.

शहरात राहणाऱ्यांनी उदमांजराचीही ओळख ठेवावी. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, झाडांतून छपरावर रात्री धावाधाव चालते. काळपट अंग, लांब शेपटी. गच्चीवरून कुणी ओझरतं बघतं आणि सकाळी सोसायटीत काळ्या बिबट्याची बातमी. उदमांजर फळं खातं, उंदीर खातं. त्याला कोंडू नका, ते निघून जातं.

शेतातल्या ओल्या मातीत ठसा दिसला तर मुलांना नखं शोधायला सांगा. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात. बिबट्या आणि मांजरं चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशात नखं सहसा दिसत नाहीत. चित्ता याला अपवाद, पण तो इथे नाही. नखांची खूण दिसली तर बहुधा शेजारचा मोत्या रात्री फिरून गेला आहे. नखांशिवाय मोठा, गोलसर ठसा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. घमेलं पालथं घाला आणि वनविभागाला कळवा.

सापांबाबत मी मुलांना ओळख शिकवायच्या विरुद्ध आहे. निदान घराजवळ तरी. कात्रजच्या सर्पोद्यानात काचेआड साप ठेवले आहेत. तिथे दाखवा. मण्यार आणि कवड्या शेजारी शेजारी दिसले तर मुद्दाम थांबा. दोघांच्याही गडद अंगावर पांढरे आडवे पट्टे. कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक राहतात. एक निरुपद्रवी, दुसरी जीवघेणी. काचेतून बघताना तुमचाच गोंधळ उडतो की नाही, ते बघा. मग अंधाऱ्या मोरीत मूल काय ओळखणार?

म्हणून घरात नियम एकच. साप दिसला की लांब व्हायचं, मोठ्यांना हाक मारायची. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट आणि मच्छरदाणी वापरा. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश कधी कधी कळतही नाही. दंशाची शंका आली तरी सरकारी दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८. साप मारून सोबत न्यायची गरज नसते.

राहिला मोबाइल. बिबट्याचा फोटो आला की पुढे ढकलण्याआधी मुलांना दाखवा. डोळ्याखाली काळी रेघ आहे का? पट्टे आहेत का? मागे दिसणारी झाडं, घरं आपल्याकडची वाटतात का? हल्ली संगणकावर बनवलेली चित्रंही फिरतात, तेव्हा पाय आणि शेपटी नीट मोजून घ्या. एका खोट्या फोटोने ऊसतोड मजूर फडात उतरत नाहीत. रात्रीच्या विजेवर द्राक्षाला पाणी द्यायला कुणी जात नाही. आणि दोनदा खोटं निघालं की तिसऱ्यांदा खरं असलं तरी लोक दार उघडं टाकून झोपतात.

बिबट्या खरंच समोर आला तर पळायचं नाही. खाली बसायचं नाही, वाकायचंही नाही. लहान मूल बरोबर असेल तर कडेवर घ्या. बिबट्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरा. मोठ्याने बोला. त्याला निघून जायला वाट ठेवा. गर्दी करून त्याला घेरलं की तो अंगावर येतो. शहरात माणसं जखमी होतात त्यातली बरीच अशा गर्दीत होतात.

दिवस मावळल्यावर मुलांना एकटं अंगणात, परसाकडे पाठवू नका. रात्री शेतात जाताना दोघं जा. बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणी लावा.

वनविभागाचा क्रमांक १९२६. तो स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहून ठेवा आणि मुलांकडून पाठ करून घ्या. फोन लागला की आधी ठिकाण सांगा, मग वेळ, मग प्राणी कुठल्या दिशेने गेला. प्राण्याच्या नावाची खात्री नसेल तर नाव घेऊ नका. अंगावर डाग होते की पट्टे, शेपटी लांब होती की आखूड, पाठ उतरती होती का, एवढं सांगा. नाव ते लोक ठरवतील.